त्या एकादशीला मी कुठे बसले होते

१९ जानेवारी १९५५, बुधवार. पळसटोला

शाळेतली जुनी हजेरीची वही यांनी घरी आणली. अर्धी कोरी आहे. चुलीत घालण्यापेक्षा रोजचं चार ओळी लिहावं म्हटलं. मॅट्रिकला माझं अक्षर वर्गात दाखवत, आता यादी करण्यापुरतं उरलं आहे. हिशेबाची वही वेगळी आहेच. इथे हिशेबात न बसणारं लिहीन.

आज घरात कोणी धड जेवलं नाही. धाकटे दीर गुणवंतराव, म्हणजे आमचे भाऊजी, लाकडाचा ठेका घेतात. त्यांच्या सागवानाच्या तीन गाड्या रामाजी नाकेदारानं जंगलाच्या नाक्यावर अडवल्या. तो म्हणतो, पासात लिहिलंय त्याहून लाकूड जास्त आहे आणि त्यावरचा शिक्का सरकारी नाही. रेंज ऑफिसला रिपोर्ट करणार म्हणे.

भाऊजी ओसरीवर येरझाऱ्या घालत होते. "काल वर्दी घातली अन् आज मले जंगल शिकवून राह्यला."

"आधी जेव, मंग शिव्या दे," सासूबाई म्हणाल्या. "पोटात अन्न राह्यलं तं शिव्याही चांगल्या येतात."

ते हसले, पण ताटावर बसले नाहीत. मग सासूबाईही जेवल्या नाहीत. धाकट्यावर त्यांचा जीव जास्त.

३० जानेवारी, रविवार

आज बाजारात वाईट प्रकार झाला. गोंडटोलीतल्या वारलूची कुऱ्हाड रामाजी नाकेदारानं जप्त केली. ओलं लाकूड तोडलं म्हणून सगळ्यांदेखत दोन थोबाडीतही दिल्या. वारलू आपल्याकडे पत्रावळी आणतो, घरामागच्या सांदवाडीचं कुंपण बांधून देतो. तोंडातून शब्द न काढणारा माणूस. पण आज म्हणाला, "पाहून घेईन तुले." पन्नास माणसांनी ऐकलं.

हे उद्या वडशाला जाणार. तिथे नाटकं सुरू आहेत, पेटी वाजवायला यांना बोलावलंय. आठ दिवस लागतील. शाळेची रजा आहे ना, विचारलं. म्हणाले, "हेडमास्तरच मी, मी मलाच देतो." मी यांचं धोतर-सदरा बांधून ठेवला, सोबत लाखोळीच्या डाळीचे वडे.

७ फेब्रुवारी, सोमवार. माघी पौर्णिमा

चार दिवस वहीला हात लावता आला नाही. सगळं क्रमानं लिहिते.

गुरुवारी पहाटे उठले तीच अडचण घेऊन. नेमकी एकादशी. चौदा वर्षं झाली लग्नाला, एकादशीची पूजा कधी चुकली नव्हती. गावात म्हणतात, मास्तरीणबाईंची घंटा ऐकून कोंबडा आरवतो. सासूबाईंना सांगितलं, त्यांनी पांघरूण नि तांब्या मागच्या पडवीत ठेवून दिला. मी तिथे सांदवाडीकडे तोंड करून बसले. मनातल्या मनात नाव घेत होते, पण ते काही पूजेसारखं नाही.

झुंजूमुंजू होत होतं तेव्हा वारलू मागच्या दारानं आला. डोक्यावर पत्रावळीचा भारा. मी बसलेली जागा पाहून त्यानं तो दुरूनच खाली ठेवला. मी म्हटलं, आला आहेस तर वेलाकडचं कुंपण बांध, गाई घुसतात. तो तिथेच बसला आणि बांबू चिरून कमच्या काढू लागला. मला दुसरं काम नव्हतं, त्याचे हात पाहत होते. ऊन कुंपणावर आलं तेव्हा तो उठून गेला.

तो गेल्यावर थोड्या वेळानं भाऊजी मागच्याच बाजूनं आले. शेतावर राखणीला गेले होते. एवढ्या थंडीत विहिरीवर घडाघडा पाणी ओतून घेतलं आणि धोतर-बंडी स्वतःच धुतली. मी म्हटलं, ठेवा, सासूबाई पाहतील. दचकले. मी पडवीत आहे हे त्यांना दिसलं नव्हतं. म्हणाले, "बांधावर घसरलो वैनी, चिखल लागला." लग्नानंतर पहिल्यांदा त्यांना कपडे धुताना पाहिलं. थंडीत आईला त्रास नको असं वाटलं असेल. मनानं चांगले आहेत.

दुपारी गलका झाला. रामाजी नाकेदार दोन कोसांवर नाल्याच्या पाण्यात मेलेला सापडला. डोक्यात कुऱ्हाडीचे घाव. कुऱ्हाड तिथेच पडली होती, वारलूची. जप्तीचा माल आणि कागदपत्रं घेऊन तो पहाटे रेंज ऑफिसला निघाला होता. एका गाडीवानानं त्याला उजाडताना जिवंत पाहिलं आणि ऊन वर आलं तेव्हा गुराख्याला प्रेत दिसलं. पिशवीतले कागद नाहीत. पोलीस म्हणतात, चिलमीला नेले असतील.

वारलूला त्याच संध्याकाळी नेलं. मी निश्चिंत आहे. उजाडल्यापासून ऊन येईतो तो माझ्यासमोर होता. ठाणेदार आला की सांगून टाकीन.

९ फेब्रुवारी, बुधवार

कसं लिहू.

ठाणेदार आज आला. हे काल रात्रीच वडशाहून परतले. ओसरीवर ठाणेदार, दोन शिपाई, पाटील, कोतवाल, हे, भाऊजी, आणि अंगणात अर्धं गाव. मला दाराआड बोलावलं. ठाणेदार म्हणाला, "बाई, घाबरायची बात नाई. वारलू म्हणते का गुरुवारी सकाळी तो तुमच्या मागच्या वाडीत होता. तुमी पाह्यलं काय?"

मी पदर सावरला. पाहिलं म्हटलं की पुढचा प्रश्न ठरलेला, त्या वेळी तुम्ही तिथे काय करत होता. साऱ्या गावाला ठाऊक की त्या वेळी मी देवघरात असते. वीस पुरुषांपुढे काय सांगू? शब्द जुळवत होते तोवर भाऊजीच बोलले, "साहेब, त्या दिवशी एकादशी होती. आमची वैनी देवासमोरून उठत नाई. सगळ्या गावाले माहीत हाये. वाडीतलं तिले काय दिसणार?"

पाटील म्हणाले, "हे तं खरं हाये."

ठाणेदारानं विचारलं, "होय न बाई? पूजेत होत्या?"

मी मान हलवली. होय अशी. ते लिहून घेतलं आणि खाली माझी सही घेतली. सही मात्र सुंदर आली.

१० फेब्रुवारी, गुरुवार

सकाळी यांना खरं सांगितलं. यांनी आधी ओसरीचं दार लोटलं. मग म्हणाले, "तू आता ठाण्यावर जाऊन सांगणार, की मी दूर बसले होते? जबानीत लिहिणार ते. गावात वाचतील." मी म्हटलं, माणसाचा जीव आहे. म्हणाले, "खरा माणूस सुटतोच. दुसरे साक्षीदार असतील त्याचे."

मलाही तेच पटलं. पटवून घेतलं.

८ मार्च, मंगळवार. होळी

वारलूची बायको सोमारी होळीच्या निमित्तानं आली, मागच्या दाराशी बसली. भाऊजींनी तिला दोन पायल्या तांदूळ द्यायला सांगितले. मला बरं वाटलं. गावात बाकी कोणी तिला दारात उभं करत नाही. भाऊजींचं मनच हळवं. त्यांना महिनाभर बारीक ताप आहे, झोपेतून उठून बसतात. सासूबाईंनी मीठ-मोहऱ्या उतरवल्या.

सोमारीनं तांदूळ घेतले नाहीत. "मजुरी द्या बाई. कुंपणाची राह्यली हाये."

मी कुंपणाची मजुरी दिली. तिनं माझ्याकडे पाहिलं. मी पत्रावळी मोजू लागले.

३ मे, मंगळवार. चांदा

वडशाहून लहान रेल्वेनं आलो. सेशन कोर्टात आज माझी साक्ष झाली. वारलूच्या बाजूनं सरकारनं एक तरुण वकील दिला आहे, त्यानंच मला बोलावलं. गाडीत भाऊजी शेजारी बसून होते. म्हणाले, "वैनी, ठाण्यात जे सांगतलं तेच सांगा. शब्द बदलला का खोट्या साक्षीचा गुन्हा होते. दादाची नोकरी जाईल." हे मला माहीत नव्हतं. बरं झालं सांगितलं.

कोर्टात मी एकटीच बाई. पंख्याचा आवाज होत होता. शपथ घेतली. वकिलानं विचारलं, "त्या सकाळी आपण घराच्या मागल्या बाजूस गेला होता का?" मी म्हटलं, नाही. "एकदाही नाही?" एकादशी होती, म्हटलं. न्यायाधीशांनी मान डोलावली. त्यांच्या कपाळावर गंध होतं.

मग न्यायाधीशांनी वारलूला उभं करून विचारलं. तू म्हणतोस बाई मागच्या पडवीत बसली होती. हेडमास्तरांची बायको, पूजेची वेळ सोडून, पहाटे एकटी मागे कशाला बसेल? वारलूनं मान खाली घातली. त्याचा वकील दोनदा म्हणाला, बोल. तो बोलला नाही. शेवटी म्हणाला, "मले नाई माहीत."

भाऊजी हळूच म्हणाले, "पाह्यलं? खोटा माणूस असाच अडकते."

आणि मलाही, लिहायला लाज वाटते, क्षणभर वाटलं, खरंच याचं काहीतरी चुकलं असेल. बांधलेलं कुंपण मी रोज पाहते आणि तरी वाटलं.

येताना महाकालीच्या देवळात गेलो. नारळ यांनी फोडला. मी गाभाऱ्याबाहेर उभी राहिले. आत जायला अडचण नव्हती, तरी गेले नाही.

१४ मे, शनिवार

फाशी.

हे वर्तमानपत्र घेऊन आले, चार ओळींची बातमी. सरकारी नोकराचा खून म्हणून दया नाही. मी जन्मठेप धरून चालले होते. माणूस वीस वर्षांनी का होईना परत येतो, असं मनाला सांगत होते.

१६ मे, सोमवार

नागपूरच्या हायकोर्टात अपील होणार आहे. आज यांच्या पाया पडून म्हटलं, मला वकिलाकडे न्या. गुन्हा लागला तर लागू दे. हे विरघळले. म्हणाले, "तुझ्या एकटीच्या सांगण्यावर आता कोण ऐकेल? दुसरं कुणी पाहिजे. आईला माहीत आहे ना?" बरोबर होतं. सासूबाईंनीच तर मला पांघरूण दिलं होतं.

त्या वाती वळत होत्या. हे म्हणाले, "आई, माघातल्या एकादशीला कमळा दूर बसली होती न?"

सासूबाईंनी वात पुरी वळली. "नाई."

मी म्हटलं, "असं काय, तुम्हीच तर मला मागे तांब्या..."

"कमळे, ती आधीची बारी. एकादशीले तू देवघरात होती. मी डोळ्यानं पाह्यलं."

"आई, माणसाच्या जिवाचा सवाल आहे," हे म्हणाले.

"मले माहीत हाये कोणाच्या जिवाचा सवाल हाये." एवढं बोलून त्या उठल्या. भाऊजींच्या खोलीपाशी थांबल्या, आत पाहिलं, दार ओढून घेतलं. त्यांना बरं नाही म्हणून आवाज जाऊ नये असं वाटलं असेल.

सासूबाई आजवर माझ्याशी खोटं बोलल्या नाहीत. घराण्याच्या सुनेचं असलं काही कचेरीत चघळलं जाऊ नये, एवढ्यासाठी बोलल्या. त्यांचा तरी काय दोष? माझीच लाज त्या राखत होत्या.

यांनी वकिलाचा विषय पुन्हा काढला नाही. मीही नाही.

२० ऑगस्ट, शनिवार

अधिक महिना लागला. अपील फेटाळलं. या महिन्यात दान दुप्पट फळतं म्हणतात. अनारसे केले, तेहतीस. एक कच्चा राहिला.

२ सप्टेंबर, शुक्रवार

आज सोमारी भर पावसात आली. अंगावर पळसाच्या पानांचं इरलं. तिला पडवीत घेतलं. त्याच जागी बसली आणि माझा धीर सुटला. मी तिला सगळं सांगितलं: त्या दिवशी मी इथे होते, वारलूला पाहिलं, कुंपण बांधताना पाहिलं, आणि कोर्टात खोटं बोलले.

ती रडेल, शिव्या देईल, असं वाटलं होतं. ती पाणी निथळत बसून राहिली.

"ठाव हाये बाई. वारलूनं तवाच सांगतलं."

"मग कोर्टात त्यानं का नाही सांगितलं? मी मागे का बसले होते ते त्याला कळलं होतं ना?"

"कळलं होतं. तुमी दूर बसल्या होत्या. म्हून तं त्यानं भारा खाली ठेवला, हातात देल्ला नाई."

"मग?"

सोमारी माझ्याकडे एखाद्या अडाणी पोरीकडे पाहावं तशी पाहत होती. "बाईच्या असल्या गोष्टी माणूस कचेरीत बोलते का? तो म्हने, बाईची इज्जत हाये. बाईनं सांगतलं तं सांगतलं. मी कसा सांगू."

पाऊस कमी झाल्यावर ती गेली. मी पडवीतच बसले. जेवणाची वेळ टळून गेली तरी मला कोणी हाक मारली नाही.

४ सप्टेंबर, रविवार

आज कोणाला न विचारता अर्ज लिहिला. राज्यपालांना, दयेचा. वारलूच्या वकिलाचं एक कार्ड सोमारीकडे होतं, त्यात लिहिलं होतं की अजून दया मागता येते. मॅट्रिकच्या मराठीत लिहिलं. मी, कमळा, हेडमास्तरांची पत्नी, माघ शुद्ध एकादशीच्या पहाटे रजस्वला असल्यामुळे घराच्या मागील पडवीत बसले होते. तो शब्द लिहिताना हात थांबेल वाटलं होतं. थांबला नाही. फेब्रुवारीत एवढंच तोंडानं म्हटलं असतं तर शाई लागली नसती.

पुढे सर्व वृत्तांत दिला. वारलू किती वाजता आला, कुठे बसला, कधी गेला. त्यानंतर कोण आलं-गेलं तेही लिहिलं, म्हणजे वाचणाऱ्याला कळेल की मला त्या सकाळची बारीकसारीक आठवण आहे, बनवून सांगत नाही. पूर्वी खोटं का सांगितलं तेही लिहिलं. शिक्षा मान्य आहे म्हटलं.

यांना वाचायला दिला. हे शेवटपर्यंत वाचत गेले, एका ठिकाणी परत मागे जाऊन वाचलं. मग चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला नाही. "तुला हे सगळं पाठवायचं आहे?" मी म्हटलं, होय. यांनी कागद परत दिला आणि शाळेकडे गेले. रविवार होता.

५ सप्टेंबर, सोमवार

अर्ज रजिस्टरनं पाठवायला हवा, म्हणजे वडशाला जायला हवं. बाईमाणसानं एकटीनं डाकघरात कसं जावं या विचारात होते. हे तर सकाळपासून खोकत पडून आहेत. तेवढ्यात भाऊजी म्हणाले, "वैनी, दादा सांगत होता तुमचा काई कागद हाये. मी चाललो वडशाले. आना इकडे."

मला भरून आलं. मी म्हटलं, तुमच्या मनाविरुद्ध असेल. ते म्हणाले, "तुमच्या मनाले शांती भेटली पाह्यजे. बाकी काई नाई." अर्ज त्यांनी घडी करून बंडीच्या आतल्या खिशात ठेवला, वर छत्री घेतली. भिजणार नाही.

सासूबाई देवघरात होत्या. आतून कडी लावली होती.

संध्याकाळी ते परतले. पावती पावसात विरघळली म्हणाले.

११ ऑक्टोबर, मंगळवार

उत्तर नाही. सोमारी दर बाजाराला विचारते. मी सांगते, सरकारी काम, वेळ लागतो. तिच्यासमोर मला वर पाहवतं आता. एवढं एक झालं.

१९ नोव्हेंबर, शनिवार

सोमारी कार्ड घेऊन आली. तुरुंगाचं. तिच्या टोलीत वाचणारं कोणी नाही, म्हणून माझ्याकडे आली. मीच वाचून दाखवलं. फाशीची तारीख बुधवारची होती. कार्ड आज पोचलं.

तिला एकदम कळलं नाही. पुन्हा वाचायला सांगितलं. मी पुन्हा वाचलं.

मग तिनं विचारलं, "तुमचा कागद त्याईले भेटला नाई का, बाई?"

भाऊजी ओसरीवर सुपारी कातरत होते. त्यांचा हात थांबला.

मी म्हटलं, "भेटला असेल सोमारी. पण जिनं एकदा शपथेवर खोटं सांगितलं, तिचं दुसऱ्यांदाचं खरं सरकारनं कशावरून धरावं? मीच उशीर केला."

अडकित्ता पुन्हा चालू लागला.

सोमारी गेली. कार्ड नेलं. मला कोणी बोल लावला नाही. हे बोलतच नाहीत, पण रागावत नाहीत. भाऊजींनी चांद्याहून माझ्यासाठी नवं लुगडं आणलं. आणि सासूबाई आता मी दूर बसले की माझं ताट स्वतः पडवीत आणतात, समोर बसून दुसऱ्यांदा वाढतात. मी एवढं करूनही सगळे माझ्याशी इतके जपून वागतात, की मला मेल्याहून मेल्यासारखं होतं.